लाखीशचा उतार, जेरुसलेमचे पाणी

इस्रायलची सहल म्हटली की एका दिवसात डझनभर स्थळे उरकण्याची घाई असते. आमच्या गटाला एक दिवस मात्र असा मिळाला की त्यात दोनच ठिकाणे होती, आणि त्या दोहोंना जोडणारे वर्ष होते इ.स.पूर्व ७०१. त्या वर्षी असिरियाचा सम्राट सन्हेरीब यहूदाच्या छोट्या राज्यावर चालून आला. यहूदाचा राजा हिज्कीया याने त्याच्याविरुद्ध बंड केले होते.

सकाळी आम्ही लाखीशला पोचलो. जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला सुमारे ४० किलोमीटरवर पांढरीचे एक मोठे टेकाड आहे, तेच हे शहर. त्याच्या एका कोपऱ्याला दगडगोट्यांचा उतार दिसतो. तटाला भिडण्यासाठी असिरियन सैन्याने तो रचला. आतल्यांनीही तटामागे भराव घालून त्याला तोंड दिले. उत्खननात येथे शेकडो बाणांची टोके आणि गोफणगुंडे सापडले. तरीही शहर पडले. या विजयाची शिल्पे सन्हेरीबने निनवेच्या राजवाड्यात कोरून घेतली. आता ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बैलगाडीवर बोचकी लादून गाव सोडणारी बायकामुलेही त्यांत दिसतात.

पण लाखीश काही राजधानी नव्हती. दुय्यम शहराचा विजय सम्राटाने असा भिंतभर का मिरवावा? कारण जेरुसलेम त्याला मिळालेच नाही. ४६ तटबंदीची गावे घेतली, हिज्कीयाला त्याच्याच शहरात कोंडले, खंडणी वसूल केली, असे असिरियन लेख सांगतो; शहर घेतल्याचे मात्र सांगत नाही. बायबल म्हणते, देवदूताने शत्रूची छावणी मारली. खंडणीचे सोने दोन्हीकडे ३० किक्कारच आहे, चांदी मात्र बायबलमध्ये ३०० आणि असिरियन लेखात ८००. हा फरक मला आवडतो. एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिलेले नाही, एवढे तरी त्यावरून कळते.

दुपारी जेरुसलेमच्या बोगद्यात उतरलो. वेढ्यात पाणी तुटू नये म्हणून गिहोन झऱ्याचे पाणी हिज्कीयाने शहरात वळवल्याचे बायबल सांगते. बोगद्याच्या गिलाव्यातील वनस्पतींच्या अवशेषांचे कालमापन २००३ साली प्रसिद्ध झाले, तेही इ.स.पूर्व ७०० च्या आसपासच येते. (काही अभ्यासक वेगळा काळ मानतात.) लांबी ५३३ मीटर, वाट नागमोडी, पाणी गुडघ्यापर्यंत. आमच्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता होते. एवढ्या लांबीत उतार केवळ ३० सेंटिमीटरच्या आसपास आहे हे कळल्यावर ते पाण्यातच थबकले. "लेव्हल लावायला काय होतं हो यांच्याकडे?" असे त्यांनी दोनदा विचारले. वाटाड्याकडे त्याचे नेमके उत्तर नव्हते.

खोदकाम दोन्ही टोकांकडून झाले. मध्यावर छिन्नीच्या खुणांची दिशा उलटते. त्याच्या आसपास चुकलेली वळणेही आहेत. १८८० साली बोगद्याच्या दक्षिण टोकाजवळ पाण्यात खेळणाऱ्या मुलांना भिंतीवर सहा ओळींचा हिब्रू शिलालेख दिसला. तीन हात खडक उरला असता पलीकडून हाका ऐकू आल्या, मग टिकावाला टिकाव भिडला आणि पाणी १२०० हात वाहिले, अशी त्यात हकिगत आहे. राजाचे नाव त्यात नाही, देवाचेही नाही. तो शिलालेख तेव्हाच्या ऑटोमन राज्यातून इस्तंबूलला गेला आणि तिथल्याच संग्रहालयात आहे. आम्ही विजेरीच्या उजेडात पाहिली ती त्याची प्रतिकृती.