मुळशी पेट्याची आठवण

पिरंगुटहून मुठे आणि टेमघर यांच्या दिशेस जाणाऱ्या रस्त्यावर उरवडे लागते. मुळशीच्या जलाशयाखाली हे गाव गेले नाही. तथापि या गावाच्या भूतकाळाचा विचार करू लागले म्हणजे मन पश्चिमेस, नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाकडे वळल्यावाचून राहत नाही, कारण अवघ्या तालुक्याच्या स्मृतीला जो पहिला मोठा घाव बसला तो तेथे बसला.

मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने त्या ठिकाणी धरण बांधावयास घेतले, आणि ज्या खाचरांत आंबेमोहोर पिकत असे ती सुमारे पन्नास गावांची जमीन १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्यान्वये सरकारने कंपनीच्या हवाली करण्याचे योजिले. तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे, पुढे सेनापती म्हणून ज्यांचा लौकिक झाला ते पांडुरंग महादेव बापट, आणि पेट्यातील जाईबाई भोइटे यांच्यासारख्या स्त्रिया या लढ्यात उतरल्या. परंतु ज्यांच्या नावे जमिनी लागल्या होत्या अशा पुण्याच्या सावकारांपैकी बहुतेकांनी भरपाई पत्करली आणि कसणारे कूळ उघड्यावर राहिले. १९२४ च्या अखेरीस बापटांनी कामावरची आगगाडी अडविली, त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि लढा संपला. पुढे ते पाणी सह्याद्रीखाली भिरा येथे उतरून वीज निर्माण करू लागले.

दफ्तरात यातले पुष्कळ सापडते: सर्व्हे नंबर, आकार, भरपाईची रक्कम, खटल्यांचे निकाल. ज्या मुलीने त्या चैत्रात आपल्या बापाला कामावर बसलेले पाहिले तिला काय दिसले, हे मात्र कोणत्याही फेरफाराच्या नोंदीत नाही. ते तिच्यापाशी होते, आणि तिच्यापाशी ते कोणत्या स्वरूपात उरले असेल, हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो.

भावनेने डागलेली आठवण अक्षय असते असा समज जुना आहे, व त्यात तथ्यही आहे. कोलग्रोव्ह या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १७९ प्रौढ व वृद्ध माणसांना लिंकनच्या वधाची वार्ता आपणांस कोठे आणि कशी समजली असे विचारले होते. तीसहून अधिक वर्षे लोटल्यावरही १२७ जणांनी स्थळ, वेळ, सांगणाऱ्याचे नाव असा सर्व तपशील दिला. तो तपशील खरा होता काय, हे पडताळण्याचे साधन मात्र त्याच्यापाशी नव्हते. ते साधन पुढे मानसशास्त्रज्ञ नाइसर यांनी निर्माण केले. १९८६ च्या जानेवारीत ‘चॅलेंजर’ यान आकाशात फुटले, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विद्यार्थ्यांकडून आपापली हकीकत लिहून घेतली आणि अडीच वर्षांनी त्यांच्यापैकी काहींना तीच हकीकत पुन्हा विचारली. तेव्हा त्यांतील सुमारे चतुर्थांश विद्यार्थ्यांची उत्तरे मुळाशी मुळीच जुळली नाहीत, आणि तरीही त्यांच्यापैकी अनेकांना आपल्या आठवणीची खात्री वाटत होती. म्हणजे प्रक्षोभाने घटनेचा गाभा घट्ट धरून ठेवला जातो, पण भोवतालचा तपशील मन मागाहून रचीत राहते.

वयाचा प्रश्न याहूनही सूक्ष्म आहे. चार्ल्स, मॅथर आणि कार्स्टन्सन या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली दाखविले की सुखद, दुःखद व तटस्थ अशी चित्रे पाहिल्यावर तरुणांच्या तुलनेने वृद्धांच्या स्मरणात दुःखद चित्रांचा वाटा कमी राहतो. पुढचा काळ थोडा आहे याची जाणीव झाली म्हणजे मन शांती देणाऱ्या गोष्टींकडे झुकते, असे कार्स्टन्सन यांचे म्हणणे आहे.

हा सिद्धांत मावळात आणून पाहावा, तर त्याच्यासमोर जात्यावरच्या ओव्या उभ्या राहतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८० च्या दशकापासून मुळशी-मावळातल्या डोंगरी गावांत आणि पुढे महाराष्ट्रभर हिंडून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्याने जाती कोपऱ्यात पडली होती; तरी जात्यावर बसले की ओवी सुचते ही म्हण काही उगीच रूढ झालेली नाही, कारण खुंट्याला हात लागला, दाण्यांची मूठ पाळूच्या तोंडात पडली आणि घरघर सुरू झाली, की विशीत ऐकलेली ओवी सत्तरीत ओठांवर येते. या ओव्यांत माहेर आहे, भाऊराया आहे, विठ्ठल आहे, हे सिद्धांताला धरून झाले. पण त्यांत सासुरवासही तितकाच आहे आणि सीतेचा वनवास तर अपार आहे. माझ्या मते प्रयोगशाळेतले चित्र हे परक्याचे दुःख असते, म्हणून म्हातारपणी ते गळून जाते; जे दुःख सुरात बसले, जे शेजारणीबरोबर वर्षानुवर्षे पहाटे दळले गेले आणि सीतेच्या नावाने बोलता आले, ते वृद्धापकाळीही जाचत नाही, म्हणून टाकावेही लागत नाही.

मुळशीच्या बाबतीत आपल्याला उशीर झाला. भुस्कुट्यांनी लढ्याची हकीकत लिहिली, पुढे राजेंद्र व्होरा यांनी कागदपत्रे धुंडाळून साक्षेपी अभ्यास केला, आणि दोघांचेही ऋण मोठे आहे. परंतु १९२१ साली विशीत असलेली सून ओव्यांचा संग्रह सुरू झाला तेव्हा ऐंशीची झाली होती, आणि तिची तरुणपणची जबानी कोणी घेतलेली नव्हती. तिच्या दोन आठवणी शेजारी ठेवून पाहण्याची संधी कायमची गेली.

उरवड्याची संधी गेलेली नाही. ७ जून २०२१ रोजी या गावाच्या हद्दीतील एका रासायनिक कारखान्यास आग लागून सतरा कामगार मृत्युमुखी पडले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. पंचनामे झाले, चौकशी झाली, आणि ते कागद दफ्तरात राहतील. त्या दिवशी धूर पाहिलेली मुले आणि त्यांच्या आज्या यांच्या आठवणी मात्र कोणी तरी आस्थेने, त्यांची इच्छा असेल तरच, त्यांच्याच शब्दांत आणि तारीख घालून लिहून घेतल्या पाहिजेत. गावातल्या शाळेचे शिक्षक हे काम उत्तम करतील. वीस वर्षांनी, पहिला कागद न दाखविता, जी माणसे हयात असतील त्यांना पुन्हा विचारावे, व दुसरा कागद पहिल्याशी जुळला नाही म्हणून कोणासही खोटे न ठरविता दोन्ही एकाच रुमालात बांधून ठेवावेत.