शिंग्रोबाचा रस्ता

गेल्या रविवारची गोष्ट. पहाटे साडेपाचला मुलुंडला बिल्डिंगखाली पल्सर काढून उभा होतो आणि मागे बसणारा मित्र नेहमीप्रमाणे उशिरा. वेळ घालवायला फोनवर लोणावळ्याचा रस्ता टाकला. चुकून कारचं चिन्ह दाबलं गेलं, तर फोनने सरळ एक्स्प्रेस-वे दाखवला. मग बाईकचं चिन्ह दाबलं. निळी रेघ टुणकन उडी मारून जुन्या हायवेवर आली. पनवेल, चौक, खालापूर, खोपोली आणि मग बोरघाट.

कारण आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर दुचाकीला बंदी आहे. पण ती उडी बघताना डोक्यात एक किडा वळवळला. आपण 'सीनिक रूट' म्हणून जे रस्ते शोधत फिरतो, ते सीनिक झाले कसे? कुणी मुद्दाम देखावा बघायला रस्ता बांधला होता का? मित्र पंचवीस मिनिटं उशिरा आला, त्यामुळे विचार करायला भरपूर वेळ मिळाला :)

आधी थोडं फोनच्या डोक्यात डोकावू. इंजिनिअरिंगला डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात डायक्स्ट्राचा अल्गोरिदम आपण सगळ्यांनीच घोकला. त्यामागची गोष्ट मात्र सरांनी सांगितली नव्हती. १९५६ मध्ये ॲम्स्टरडॅमला हा माणूस होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमला आणि कॉफी प्यायला बसला. तिथे कागद-पेन्सिल न घेता वीसेक मिनिटांत त्याने ही रीत मनातल्या मनात जुळवली. १९५९ मध्ये ती छापून आली. आजच्या नकाशांच्या पोटात हिच्या कितीतरी सुधारलेल्या आवृत्त्या आहेत, पण मूळ कल्पना तीच. प्रत्येक नाका म्हणजे एक बिंदू, दोन नाक्यांमधला रस्ता म्हणजे एक रेघ आणि प्रत्येक रेघेवर एक आकडा. आकड्यांची बेरीज सगळ्यात कमी होईल तो रस्ता तुमचा.

सगळी गंमत त्या आकड्यात आहे. मुलुंडहून अंधेरीला जायचं तर पूर्वी दादरला उतरून गाडी बदलायची. ८ जून २०१४ ला घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि उत्तर बदललं. मुलुंड हललं नाही, अंधेरी हललं नाही. मधे फक्त एक नवी रेघ आली, आणि दादरचा जिना आपल्यासाठी एका दिवसात जुना झाला.

घाटांचा इतिहास म्हणजे हीच गोष्ट, फक्त दोन हजार वर्षं लांबीची.

नाणेघाट घ्या. आज तिथे आपण पावसाळ्यात फोटो काढायला जातो. सातवाहनांच्या काळात तो मुख्य रस्ता होता. कल्याण आणि सोपारा ही बंदरं, वर जुन्नरची बाजारपेठ आणि मधे सह्याद्रीची भिंत. (सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा. विरार फास्टमध्ये लटकताना हे आठवून बघा, थोडं बरं वाटतं.) घाटमाथ्यावरच्या गुहेत नागनिका राणीचा प्रसिद्ध शिलालेख आहे आणि बाहेर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असं परंपरा सांगते. म्हणजे टोलनाकाच! तिथून जाणारा व्यापारी काही ढग बघायला जात नव्हता. बैलांच्या पाठीवर माल लादलेला होता आणि ही त्याची सगळ्यात सोयीची वाट होती.

आता बोरघाट. १८०३ च्या मराठा युद्धाच्या वेळी आर्थर वेलस्लीला (पुढचा वॉटर्लूवाला वेलिंग्टन) मुंबई-पुणे रस्त्याचं महत्त्व कळलं. त्याला फौज आणि रसद वर न्यायची होती. पण चाकाची गाडी नीट चढेल असा रस्ता घाटात व्हायला १८३० उजाडलं. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते तो त्या वर्षीच्या नोव्हेंबरात थाटात खुला झाला. त्याच रस्त्यावरचा दगडी पूल म्हणजे आपला अमृतांजन पूल. बामच्या जाहिरातीवरून लोकांनी बारसं केलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमुळे रस्ते रिकामे असताना, तो स्फोट करून पाडला. १९० वर्षांच्या पुलाचे खांब ट्रॅफिकला अडत होते म्हणून. आमच्या पिढीच्या सहलींच्या फोटोंत तो मागे उभा आहे, आता तेवढाच उरलाय.

रस्त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १८६३ मध्ये, रेल्वे घाट चढली. पंचवीस बोगदे, आणि एका काळात चाळीस हजारांहून जास्त मजूर एकाच वेळी डोंगर फोडत होते. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. उरलेलं काम त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, पूर्ण करून घेतलं. रेल्वे आली आणि १८३० चा रस्ता जुना झाला. मग मोटारी आल्या आणि त्याच रस्त्याला पुन्हा दिवस आले. मग एक्स्प्रेस-वे आला आणि तो परत जुना झाला.

कसारा घाटाचं तेच होतंय. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. गाड्या आता घाट न चढता बोगद्यातून जातात. तिथेही दुचाकी बंद. जानेवारी २०२४ मध्ये उघडलेल्या अटल सेतूवर बंद. कोस्टल रोडवरही बंद.

तर माझं उत्तर असं : सीनिक रूट म्हणजे रिटायर झालेला फास्टेस्ट रूट. जो रस्ता एके काळी घाईत असलेल्या लोकांनी घाईसाठी बांधला आणि मग घाई जिथून उठून दुसरीकडे गेली, तो. ट्रक कमी झाले की दरी दिसायला लागते. आणि आपण बाईकवाले, प्रत्येक नव्या रस्त्याच्या तोंडाशी अडवले गेलेले, नाइलाजाने इतिहासावरूनच गाडी चालवतो. मी तक्रार करत नाहीये हां.

पण बोरघाटात एक गोष्ट अशी आहे की जी कुठल्याच आकड्यात बसत नाही.

खोपोली सोडून जुन्या रस्त्याने वर चढायला लागलं की शिंग्रोबाचं देऊळ लागतं. कितीतरी ड्रायव्हर तिथे वेग कमी करतात, नाणं टाकतात, हात जोडतात. कथा अशी सांगतात. साहेबाला घाटातून वर जायचा मार्ग सापडेना. दुर्बिणी झाल्या, मोजमापं झाली, डोंगर काही वाट देईना. तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने, जो रोज त्याच डोंगरात मेंढ्या घेऊन फिरायचा, वाट दाखवली. साहेब खूश. म्हणाला, काय बक्षीस हवं ते माग. शिंग्रोबा म्हणाला, आमच्या देशाला स्वातंत्र्य द्या. साहेबाने त्याला गोळी घातली.

कुणी हे रेल्वेचं म्हणून सांगतं, कुणी रस्त्याचं. ही लोककथा आहे, पुरावा म्हणून मी ती सांगत नाही. पण तिच्यातली एक गोष्ट मला पटते. माल्कमचं नाव इतिहासात आहे, रेल्वेचा मुख्य इंजिनिअर बर्कलीचं आहे, ट्रेडवेल नवराबायकोचं आहे. डोंगर पायाखालचा असलेल्या माणसाचं नाव मात्र फक्त देवळात आहे. घाट काही दुर्बिणीतून सापडत नसतात. कुणाला तरी आधीच माहीत असतात, मग त्यांची मापं घेतली जातात.

आणि फोनमधला नकाशा? तोही असाच बनलाय. उपग्रह आहेतच. अमेरिकेने मे २००० मध्ये सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, त्याआधी जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसू शकायची. घाटात शंभर मीटर म्हणजे खालचं वळण की वरचं वळण हेही कळणार नाही. पण उपग्रह सांगतो फक्त 'तू इथे आहेस'. तिथून पुढे रस्ता आहे, त्याचं नाव अमुक, कोपऱ्यावर मारुतीचं देऊळ, हे माणसांनीच भरलं. २००४ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला, तो पूर्ण स्वयंसेवकांचा. २००८ मध्ये गूगलने मॅप मेकर आणलं, आणि त्याचा जन्मच भारतातल्या टीममधला. लोकांनी घरी बसून आपापल्या गावांचे रस्ते काढले. २०१७ मध्ये ते बंद झालं, रस्ते नकाशात राहिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गूगल मॅप्समध्ये दुचाकीसाठी वेगळी सोय आली, जगात सगळ्यात आधी भारतात. आणि आज तुमच्या-माझ्या खिशातले फोनच चालता चालता सांगत असतात की इथे गाड्या अडल्यात, इथे सुटल्यात. हजारो शिंग्रोबा. कुणाचंच नाव नाही. (गोळी घालत नाहीत हे नशीब.)

सुंदर रस्ता शोधण्याचं पण तसंच. २०१४ मध्ये याहूच्या संशोधकांनी लंडनसाठी एक प्रयोग केला. लोकांना रस्त्यांचे फोटो दोन-दोन दाखवून विचारलं, यातला सुंदर कुठला? त्या मतांवरून रेघांना वेगळे आकडे दिले आणि सगळ्यात जवळच्या रस्त्याऐवजी थोडा लांबचा पण छान रस्ता काढून दाखवला. बाईकवाल्यांसाठी कुर्विगर, कॅलिमोटो अशी जर्मन अ‍ॅप्स आहेत, ती वळणं मोजून रस्ता सुचवतात. कल्पना झकास. पण वळण मोजता येतं, वळणापलीकडचं धुकं नाही. आणि डांबर गेल्या पावसात वाहून गेलंय हे तर नाहीच.

इथे गंमत संपते. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री एक गाडी सरळ पाण्यात गेली. फोनवर रस्ता बघत चालले होते असं बातम्यांत आलं. नकाशात पूल होता. प्रत्यक्षातही होता, पण पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली. तिघांपैकी दोघं बाहेर आले, गाडी चालवणारा गेला. तो पूल पाण्याखाली जातो हे गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत असणार. फक्त रात्री त्या वळणावर विचारायला कुणी नव्हतं, किंवा विचारायचं सुचलं नाही. निळी रेघ इतकी ठाम दिसते की विचारायचं सुचतच नाही.

हे मी शहाणपणाने लिहीत नाहीये. दोन वर्षांपूर्वी कर्जतच्या बाजूला मीही एका अ‍ॅपच्या (नाव नको) भरवशावर पावसाळ्यात आत शिरलो होतो. डांबर संपलं, खडी संपली, चिखल सुरू झाला. फोन शांतपणे म्हणतोय, सरळ जा. बांधावर एक आजोबा इरलं घेऊन उभे होते. मी विचारलंही नाही, तेच ओरडले, "कुटं निगालास रं बाबा? फुडं रस्ता न्हाय, वढा हाय!" मी फोन दाखवला. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. काठीने मागची दिशा दाखवली, म्हणाले, "वडाच्या झाडापासनं डावीकडं." गाडी वळवायला हातभारही लावला. नाव विचारायचं राहून गेलं. तेव्हा काही वाटलं नाही, आता वाटतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलीय. शनिवारी रात्री रस्ता फोनवर आखायचा, पण मधे थांबे आपण टाकायचे : जुना घाट, नदी, देऊळ. म्हणजे फोनला 'लवकर' ऐवजी 'इथून' असं सांगता येतं. नकाशा आधीच उतरवून ठेवायचा, कारण घाटात रेंज जाते. आणि हायवे सोडल्यावर पहिल्या टपरीवर चहा घ्यायचाच. चहा हे निमित्त, खरं म्हणजे विचारायचं : दादा, पुढचा रस्ता कसा आहे? हा प्रश्न नाणेघाटातल्या व्यापाऱ्यानेही कुणाला तरी विचारला असणार.

असो. रविवारी आम्ही खोपोलीत मिसळ खाऊन घाट चढायला लागलो. शिंग्रोबापाशी मित्राला म्हटलं, थांब जरा. तो म्हणाला, तू कधीपासून देव मानायला लागलास? म्हटलं, देव म्हणून नाही रे. खिशात सुट्टे नव्हते, जमाना यूपीआयचा. शेवटी त्याच्याकडून पाचाचं नाणं उधार घेतलं आणि ठेवलं.

अजून परत केलेलं नाही. पुढच्या रविवारी तो वेळेवर आला तर बघू.