२८ दिवस आले कुठून?

"किती दिवस ठेवून घ्याल?" व्यसनमुक्ती केंद्रात आलेल्या घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. महिनाभर आत राहिला की सुटेल, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. तिचा माग काढत गेलं, तर वाट अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पोहोचते.

त्याआधी अमेरिकेत दारू सोडवण्याची दोन टोकं होती. एक इस्पितळाचं: न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनला दारुड्यांसाठी खास इस्पितळ १८६४ मध्ये सुरू झालं. माणूस एकतर आत, नाहीतर बाहेर. मधली सोय नाही. दुसरं टोक १९३५ मध्ये ॲक्रन गावात उभं राहिलं. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारूग्रस्तांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केलं. ना खाट, ना फी, ना डॉक्टर. फक्त सभा आणि एकमेकांचा आधार.

ही दोन्ही टोकं मिनेसोटात जुळली. १९४९ मध्ये तिथे एका शेतघरात हेझल्डन सुरू झालं. विलमारच्या सरकारी मनोरुग्णालयाने तर पुढच्या दशकात दारू सोडलेल्या माणसांनाच पगारी समुपदेशक नेमलं. त्या काळी हे धाडसच होतं. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, धर्मगुरू आणि हे समुपदेशक एकत्र काम करू लागले. याच पद्धतीत २८ दिवसांचा मुक्काम रूढ झाला आणि अमेरिकाभर पसरला.

१९८०च्या दशकात विमा कंपन्यांनी हात आखडला. सरसकट सगळ्यांना २८ दिवस कशाला? हेतू खर्च वाचवण्याचा होता, पण प्रश्न रास्त होता. त्यातून आधी १९८७ मध्ये क्लीव्हलँडचे निकष आले, मग १९९१ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ ॲडिक्शन मेडिसिनचे. कॅलेंडरऐवजी माणसाकडे बघून सहा गोष्टी तपासायच्या: नशा थांबल्यावर होणारा त्रास, शरीराचे आजार, मनाचे आजार, बदलाची तयारी, पुन्हा घसरण्याचा धोका आणि घरचं वातावरण. त्यावरून पायरी ठरते: बाह्यरुग्ण विभाग, रोज काही तास येऊन घ्यायचा उपचार, निवासी केंद्र किंवा चोवीस तास डॉक्टर असलेलं रुग्णालय.

म्हणजे दारू बंद केल्यावर ज्याला पूर्वी फिट आली आहे, त्याने आधी रुग्णालयातच जायला हवं; तो त्रास जिवावर बेतू शकतो. प्रकृती ठीक असली, पण घरात रोज बाटली उघडत असेल, तर निवासी केंद्र बरं. नोकरी टिकून आहे, घरचे पाठीशी आहेत, त्रास सौम्य आहे, अशा माणसाचं बाह्यरुग्ण उपचारांवरही भागू शकतं.

आपल्याकडे पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केलं. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यावरचं अवचटांचं लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला आर्थिक बळ दिलं. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा. पण मला मोलाचं वाटतं ते त्यापुढचं: गावोगावचे फॉलोअप, आणि रुग्णांच्या बायकांसाठीचा 'सहचरी' गट. पायऱ्यांची भाषा न वापरता इथे खालची पायरी बांधली गेली.

ही पायरी गाळली की जीव जातात, हे स्पष्ट सांगायला हवं. गर्द महिनाभर बंद राहिला की शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर येऊन माणसाने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर तीच जीवघेणी ठरू शकते. 'बरा' होऊन आल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच सगळ्यात नाजूक असतात.

तेव्हा केंद्र निवडताना दिवस विचाराच, पण आधी हे विचारा: याला दाखल करायची गरज आहे का, ते कोण तपासणार? फिट आली तर डॉक्टर आहे का? आणि घरी परतल्यावर वर्षभर त्याच्याकडे कोण बघणार? या प्रश्नांची उत्तरं न देणाऱ्या केंद्रात आपलं माणूस ठेवू नका. सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल, तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे.