मोबाइल संदेशांची गोपनीयता आणि सरकारी पाळत

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या 'सिसा' या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेने आपल्या उच्चपदस्थांना सल्ला दिला की, संदेशांसाठी केवळ एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेलीच ॲप वापरावीत. निमित्त होते 'सॉल्ट टायफून' या चीनशी संबंधित हॅकर गटाचे. हा गट अमेरिकी दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्यात शिरला होता आणि न्यायालयीन आदेशानुसार दूरध्वनी ऐकण्यासाठी कंपन्यांनी जी व्यवस्था राखली होती, तिथपर्यंतही पोहोचला होता. ही व्यवस्था ठेवण्याची सक्ती १९९४ च्या कायद्याने केलेली. पोलिसांसाठी ठेवलेल्या मागच्या दाराने चोरही आत येतो, असे तज्ज्ञ तीन दशके सांगत होते. आणि ज्या सरकारच्या तपास यंत्रणा एन्क्रिप्शनविरुद्ध तक्रार करीत आल्या, त्याच सरकारला आता एन्क्रिप्शनची शिफारस करावी लागली.

एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणजे पाठविणाऱ्याच्या फोनवरच संदेश कुलूपबंद होणे आणि तो केवळ घेणाऱ्याच्या फोनवरच उघडणे. मधल्या सर्व्हरवरून जाते ती अर्थहीन अक्षरांची रास. प्रत्येक फोनकडे किल्ल्यांची जोडी असते. त्यांतील एक जाहीर असते, तर दुसरी फोनबाहेर कधीच जात नाही. 'सिग्नल' ॲपसाठी विकसित झालेल्या पद्धतीत या किल्ल्या सतत बदलत राहतात. त्यामुळे आज एखादी किल्ली कोणाच्या हाती लागली, तरी कालचे संदेश तिने उघडत नाहीत. हीच पद्धत व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ पर्यंत आपल्या सर्व वापरकर्त्यांसाठी लागू केली. टेलिग्रामविषयी मात्र मोठा गैरसमज आहे. तेथील नेहमीचे संवाद व समूह एंड-टू-एंड पद्धतीने सुरक्षित नसतात. 'सीक्रेट चॅट' मुद्दाम निवडावी लागते. साधा एसएमएस तर पोस्टकार्डासारखाच.

मग व्हॉट्सॲपवरचे संवाद दूरचित्रवाणीच्या पडद्यावर झळकतात कसे? २०२० मध्ये मुंबईतील चित्रपटसृष्टीशी संबंधित अमली पदार्थ प्रकरणात हा प्रश्न घराघरांत विचारला गेला. उत्तर सोपे आहे: तपास यंत्रणेच्या हाती आलेल्या फोनमधून किंवा बॅकअपमधून. एन्क्रिप्शन प्रवासातील संदेशाचे रक्षण करते. पोहोचलेल्या संदेशाचे नाही. जप्त झालेला, उघडलेला फोन सर्व काही सांगतो आणि तो फोन आपलाच असावा लागतो असेही नाही.

बॅकअपचे दुखणे अधिक व्यापक आहे. व्हॉट्सॲपने बॅकअपलाही एंड-टू-एंड कुलूप घालण्याची सोय ऑक्टोबर २०२१ मध्ये दिली, पण ती आपोआप चालू होत नाही. ॲपलनेही आयक्लाउडसाठी 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' नावाची अशीच सोय डिसेंबर २०२२ मध्ये आणली. ब्रिटनच्या गृहखात्याने २०१६ च्या 'इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स ॲक्ट'खाली या माहितीपर्यंत वाट करून देण्याची गुप्त नोटीस बजावल्याचे वृत्त फेब्रुवारी २०२५ मध्ये आले आणि त्याच महिन्यात ॲपलने ब्रिटनमधील नव्या वापरकर्त्यांसाठी ही सोय बंद केली. अशी नोटीस मिळाल्याचे सांगण्यासही कायद्याची मनाई असल्याने कंपनीने कारणाची वाच्यता केली नाही. ब्रिटनमधील मराठी वाचकांनी आणखी एक तरतूद लक्षात ठेवावी: २००० च्या 'रिपा' कायद्यानुसार रीतसर नोटीस मिळूनही पासवर्ड न देणे हा गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत, तर राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रकरणांत पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मजकूर झाकला गेला तरी 'मेटाडेटा' उरतो: कोणी, कोणाशी, केव्हा, किती वेळा संपर्क साधला. लिफाफा न फोडता पत्त्यांवरून माणसाची कुंडली मांडता येते. मेटाडेटाच्या आधारे आम्ही माणसे मारतो, अशी कबुली अमेरिकेच्या सीआयए व एनएसए या दोन्ही संस्थांचे माजी प्रमुख मायकल हेडन यांनी २०१४ मध्ये जाहीर चर्चेत दिली होती. या बाबतीत ॲपमधील फरक खरा ठरतो. २०१६ मध्ये व्हर्जिनियातील ग्रँड ज्यूरीने सिग्नलकडे माहिती मागितली, तेव्हा खाते उघडल्याची वेळ आणि शेवटच्या जोडणीचा दिवस, याखेरीज त्यांच्यापाशी देण्याजोगे काही नव्हते.

कुलूप फोडण्यापेक्षा घरातच शिरणे सोपे, या तत्त्वावर 'पेगासस' चालते. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे हे हेरतंत्र २०१९ मध्ये व्हॉट्सॲप कॉलमधील त्रुटीतून सुमारे १,४०० जणांच्या फोनवर सोडण्यात आले. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. लक्ष्य ठरलेल्यांत भारतातील पत्रकार व कार्यकर्ते होते, तसेच भीमा-कोरेगाव प्रकरणाशी संबंधित नागपूरचे एक वकीलही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगाससच असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. सरकारने सहकार्य केले नाही, असेही न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये नमूद केले. अशी हत्यारे महाग असतात आणि निवडक लोकांवर वापरली जातात. सर्वसामान्य नोकरदाराने पेगाससची धास्ती घेण्यापेक्षा आपला बॅकअप तपासणे अधिक उपयोगाचे.

भारतात टेहळणीचा अधिकार माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ आणि दूरसंचार कायदा, २०२३ यांतून येतो. परवानगी देतात गृहसचिव, न्यायाधीश नव्हे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा नऊ न्यायमूर्तींचा निकाल २०१७ चा, पण ही पद्धत त्यानंतरही बदललेली नाही. २०२१ च्या नियमांनी ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांवर संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याचे बंधन घातले. व्हॉट्सॲपने त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि एन्क्रिप्शन तोडण्यास भाग पाडल्यास भारत सोडावा लागेल, असे एप्रिल २०२४ मध्ये सांगितले.

आखातातील चित्र वेगळे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे संदेश चालतात, कॉल अडविले जातात. त्या अडचणीत लोकप्रिय झालेले 'टोटॉक' हे ॲप अमिरातीच्या सरकारसाठी हेरगिरी करीत असल्याचे वृत्त 'न्यूयॉर्क टाइम्स'ने डिसेंबर २०१९ मध्ये दिले; ॲपल व गुगलने ते आपल्या दुकानांतून हटविले. गावी आईवडिलांशी बोलण्यासाठी जे मिळेल ते ॲप घ्यायचे, ही सवय किती महागात पडू शकते, याचे ते उदाहरण होते.

अनिवासी भारतीयांच्या दृष्टीने सर्वांत निकटचा विषय सिमकार्डाचा आहे. परदेशात राहूनही व्हॉट्सॲप जुन्या भारतीय क्रमांकावर चालविणारे असंख्य आहेत. ते सिम अनेकदा कपाटात पडलेले असते. भारताच्या दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ च्या निर्देशांत संदेशसेवांना सांगितले की, नोंदणीचे सिम फोनमध्ये नसेल तर ॲप चालू नये, आणि संगणकावरील वेब आवृत्ती जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप बंद व्हावी. कंपन्यांना त्यासाठी ९० दिवसांची मुदत देण्यात आली. उद्देश परदेशांतून होणारी सायबर फसवणूक रोखण्याचा असल्याचे विभागाने सांगितले. संदेशांचे कुलूप यात उघडत नाही. पण भारतात सिम ओळखपत्राखेरीज मिळत नसल्याने खाते व नोंदणीकृत व्यक्ती यांची गाठ मात्र घट्ट होते. भारतीय क्रमांकावर बँकेचे ओटीपी आणि कुटुंबाचे समूह दोन्ही अवलंबून असतील, तर व्हॉट्सॲपमधील 'क्रमांक बदला' ही सोय वापरून खाते स्थानिक क्रमांकावर नेता येते. जुने संवाद व समूह कायम राहतात. त्याच बैठकीत द्विस्तरीय पडताळणीचा पिन लावावा आणि बॅकअपचे एन्क्रिप्शन सुरू करावे. त्याची ६४ अंकी किल्ली किंवा पासवर्ड हरवल्यास कंपनीलाही तो बॅकअप उघडून देता येत नाही, म्हणून तो कागदावर लिहून ठेवलेला बरा.