नियम कुणी लिहिले, खेळ कुणी केला?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी 'स्ट्रेंजर थिंग्ज' बघताना पहिल्यांदा ऐकलं असेल. त्यातली पोरं तळघरात बसून तासन्‌तास खेळतात ना, तोच खेळ. आमचा पाच जणांचा ग्रुप गेली काही वर्षं पुण्यात दर शनिवारी संध्याकाळी हा खेळ खेळतो. ऑफिसात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे नक्की करता काय? आणि जिंकतं कोण?"

जिंकत कुणीच नाही. एकजण डंजन मास्टर होतो, म्हणजे पंच, सूत्रधार आणि बाकीचं अख्खं जग, तिन्ही एकाच माणसात. उरलेले एकेक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. सूत्रधार म्हणतो, "समोर नदी आहे, पुलावर दोन पहारेकरी आहेत. काय करता?" कुणी तलवार काढतो. कुणी म्हणतो पोहून जातो. आणि आमच्यातली एकजण म्हणते, "मी त्यांना सांगते, मी राजाकडून आलेय, गेल्या तीन महिन्यांच्या टोलचा हिशोब दाखवा." आता हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. सूत्रधार क्षणभर विचार करतो, थाप पचणं किती कठीण आहे ते ठरवतो, वीस बाजूंचा फासा टाकायला लावतो आणि निकाल सांगतो. (त्या दिवशी फाशावर १९ पडले. पहारेकरी बिचारे वही शोधायला गेले.)

कॉम्प्युटर गेममध्ये बहुतेक वेळा प्रोग्रामरने आधी लिहून ठेवलेल्या पर्यायांतच फिरावं लागतं. इथे पर्यायांची यादीच नाही. रोज कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला मग प्रश्न पडतो, की ज्या खेळातले निम्मे निर्णय नियमांच्या बाहेर होतात त्याचे नियम लिहिले तरी कुणी? आणि नियम लिहिणारा तोच खेळाचा जनक का? गंमत म्हणजे नेमक्या याच मुद्द्यावरून अमेरिकेत कोर्टकचेरी झाली. पण ती गोष्ट समजायला थोडं मागे जावं लागेल.

अगदी मागे गेलं तर सुरुवात आपल्या चतुरंगापासून होते. चतुरंग इराणात गेला, तिथून अरबांकडे, तिथून युरोपात, आणि त्याचं बुद्धिबळ झालं. १७८० मध्ये ब्रुन्सविकच्या दरबारातल्या हेलविग नावाच्या गृहस्थांनी बुद्धिबळाला खऱ्या लढाईसारखं करायचं ठरवलं. ६४ घरांच्या जागी हजारावर घरं, प्यादी-घोड्यांच्या जागी पायदळ, घोडदळ, तोफखाना. पुढे प्रशियात राइसविट्झ बाप-लेकांनी ही कल्पना आणखी पुढे नेली. वडिलांनी १८१२ मध्ये राजासाठी एक देखणं टेबलच बनवलं. मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने १८२४ मध्ये खरे नकाशे आणले, आणि खेळात एक तिसरा माणूस घातला: पंच.

हा पंच फार महत्त्वाचा. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपले हुकूम कागदावर लिहून त्याला देत. तो फासे टाकून, तक्ते बघून निकाल लावी आणि प्रत्येकाला फक्त तेवढंच सांगे जेवढं त्याच्या सैन्याला खरोखर दिसलं असतं. टेकडीपलीकडे शत्रू आहे का? माहीत नाही, जाऊन बघा. प्रशियाचे लष्करप्रमुख म्यूफलिंग हा खेळ बघून इतके खूश झाले की त्यांनी सैन्यात त्याची शिफारस केली. 'क्रीगस्पील' म्हणजे युद्धखेळ, तो हाच.

पण तक्ते वाढत गेले, हिशोब वाढत गेले आणि खेळ रटाळ झाला. (सॉफ्टवेअरवाल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.) शेवटी १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने सरळ सांगितलं की तक्ते आणि फासे बाजूला ठेवा, अनुभवी पंच म्हणेल तो निकाल. म्हणजे 'नियम मोठे की पंच मोठा' हा वाद ड्रॅगन येण्याच्या शंभर वर्षं आधीपासूनचा आहे.

आता थेट १९६९ सालच्या अमेरिकेत येऊ. मिनिआपोलिस आणि सेंट पॉल ही मिनेसोटातली जुळी शहरं. तिथे लष्करी खेळ खेळणाऱ्या हौशी तरुणांचं एक टोळकं होतं. त्यातल्या डेव्हिड वेस्लीला चार्ल्स टॉटन नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याचं १८८० सालचं 'स्ट्रॅटेगोस' हे पुस्तक सापडलं. क्रीगस्पीलच्याच परंपरेतलं. त्यातून वेस्लीने घेतलेला धडा असा, की खेळाडू काहीही करायचा प्रयत्न करू शकतो आणि त्याचं काय होईल ते पंच ठरवतो.

वेस्लीने नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक गाव घेतलं. फौजा गावाच्या बाहेर. पण सगळ्यांना फौजा देण्याऐवजी त्याने गावातल्या माणसांच्या भूमिका वाटल्या: कुणी महापौर, कुणी बँकर, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. प्रत्येकाचा हेतू वेगळा आणि गुप्त. मग जो गोंधळ झाला तो झाला. खेळाडू लढाईचं नाव काढेनात, एकमेकांना कोपऱ्यात नेऊन कारस्थानं करू लागले. दोघांनी तर येऊन सांगितलं की आम्ही द्वंद्वयुद्ध करतोय! द्वंद्वयुद्धाचे नियम कुठे होते? वेस्लीने जागच्या जागी बनवले. घरी जाताना तो वैतागलेला होता, सगळा प्रयोग फसला म्हणून. आणि बाकीची मंडळी विचारत होती, पुन्हा कधी?

या मंडळींत डेव्ह आर्नेसन नावाचा एक विद्यार्थी होता. वेस्लीला लष्करी सेवेचं बोलावणं आल्यावर आर्नेसनने सूत्रं हाती घेतली आणि १९७१ मध्ये आपला स्वतःचा खेळ सुरू केला. मध्ययुगीन पार्श्वभूमी, ब्लॅकमूर नावाचा किल्ला आणि किल्ल्याच्या खाली भुयारांचं जाळं. ब्राउनस्टाइन एका रात्रीत संपायचं. ब्लॅकमूर संपायचंच नाही. तेच खेळाडू पुन्हा जमायचे, तीच पात्रं घेऊन, मागच्या वेळी जिथे थांबले तिथून पुढे. पात्रं अनुभवाने तरबेज व्हायची. आणि आपलं पात्र असं महिनोन्‌महिने सांभाळल्यावर ते एका घावात मेलं तर कुणाला चालेल? आर्नेसनने पुढे मुलाखतींत सांगितलं, की चिलखती युद्धनौकांच्या नियमांतून त्याने एक कल्पना उचलली: जहाज एका गोळ्यात बुडत नाही, ते किती तडाखे सोसेल याचा आकडा असतो. तो आकडा त्याने माणसाला लावला. आज जगातल्या असंख्य व्हिडिओ गेम्समध्ये डोक्यावर जी हिरवी-लाल पट्टी दिसते, तिचं मूळ हे.

थोडक्यात काय, तर जे नवीन होतं ते नेहमीच्या ग्रुपमधून आलं. एकदाच भेटणाऱ्या लोकांना हिट पॉइंट्स लागत नाहीत.

पण आर्नेसनची एक अडचण होती. नियम त्याच्या वहीत होते, आणि वहीपेक्षा जास्त डोक्यात. ते आज एक, उद्या दुसरे.

इथे दुसरा माणूस येतो. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातला गॅरी गायगॅक्स. विमा कंपनीतली नोकरी १९७० मध्ये गेलेली, घरी चपला-बूट दुरुस्त करून संसार चाललेला आणि उरलेला सगळा वेळ टाइपरायटरसमोर. १९७१ मध्ये त्याचं आणि जेफ पेरेनचं 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचं पुस्तक आलं होतं, ज्याच्या शेवटी ड्रॅगन आणि जादूगारांची पुरवणी होती. ब्लॅकमूरमध्ये आर्नेसननेही ती सुरुवातीला वापरली. १९७२ च्या शेवटी आर्नेसन आणि त्याच्या ग्रुपमधला डेव्हिड मेगरी लेक जिनिव्हाला गेले आणि त्यांनी गायगॅक्सला ब्लॅकमूर खेळून दाखवलं. गायगॅक्सला झपाटल्यासारखं झालं. आर्नेसनकडून टिपणं मागवून घेऊन त्याने नियम लिहायला घेतले. वाढवले, बदलले, स्वतःची भर घातली, आपल्या मुलांवर आणि मित्रांवर ते पारखून पाहिले.

छापायला मोठं कुणी तयार होईना. म्हणून १९७३ मध्ये गायगॅक्स आणि त्याचा बालमित्र डॉन के यांनी टीएसआर ही कंपनी काढली. १९७४ च्या जानेवारीत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर, प्रती फक्त १,०००, आणि त्याही हातांनी खोक्यांत भरलेल्या. वर दोन नावं: गायगॅक्स आणि आर्नेसन.

त्या पुस्तिका वाचून खेळ कसा खेळायचा हे धड कळत नसे. पण लेखकांनीच शेवटी सांगून ठेवलं होतं की राहिलेलं तुम्हीच ठरवा. लोकांनी ते मनावर घेतलं. गावोगावचे ग्रुप आपापले नियम बनवू लागले. ॲरिझोनातल्या केन सेंट आंद्रेला मूळ नियम फार किचकट वाटले, तर त्याने १९७५ मध्ये आपला वेगळाच खेळ छापला. आपल्या भाषेत बोलायचं तर स्पेसिफिकेशन अर्धवट, त्यामुळे जितकी टेबलं तितकी इम्प्लिमेंटेशन्स.

गायगॅक्सला मात्र हे खुपायला लागलं. १९७७ ते १९७९ या काळात त्याने 'ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची तीन जाडजूड पुस्तकं आणली. सगळीकडे खेळ एकसारखा खेळला जावा ही त्यामागची भूमिका. या पुस्तकांवर लेखक म्हणून नाव एकच: गायगॅक्स. आर्नेसन १९७६ मध्ये टीएसआरमध्ये नोकरीला येऊन त्याच वर्षी बाहेर पडला होता. कंपनीचं म्हणणं, हा वेगळा खेळ आहे, त्यामुळे रॉयल्टीचा प्रश्न येत नाही. आर्नेसन १९७९ मध्ये कोर्टात गेला. १९८१ मध्ये तडजोड झाली आणि त्याला रॉयल्टी मिळाली. नाव मात्र अनेक वर्षं गायगॅक्सचंच गाजत राहिलं.

यात खलनायक शोधायचा मोह होतो. मला तो आवरावासा वाटतो. गायगॅक्सने लिहिलं नसतं तर ब्लॅकमूर मिनेसोटातल्या वीस-पंचवीस तरुणांच्या आठवणीत राहिलं असतं आणि पुण्यात आम्ही शनिवारी पत्ते कुटत बसलो असतो. लिहिणं ही दुय्यम गोष्ट नाही. पण आर्नेसनने टेबलावर जे घडवलं ते लिहिणाऱ्याच्या खात्यावर जमा झालं, हेही तितकंच खरं. आपल्या क्षेत्रात हे रोज दिसतं. रात्री दोनला फोनवर अडचण सोडवणारा एक, आणि डिझाइन डॉक्युमेंटवर नाव दुसऱ्याचं. दोन वर्षांनी नवीन आलेल्या मुलाला फक्त डॉक्युमेंट दिसतं.

आणि लिहिलेल्याची मालकी तरी टिकते कुठे? १९८५ मध्ये खुद्द गायगॅक्सच्याच हातून टीएसआरचा ताबा गेला. १९९७ मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने टीएसआर घेतली, १९९९ मध्ये 'हॅस्ब्रो'ने विझर्ड्सला घेतलं. २००० मध्ये तिथल्या रायन डॅन्सीने मुक्त सॉफ्टवेअरच्या जीपीएल लायसन्सवरून स्फूर्ती घेऊन 'ओपन गेम लायसन्स' आणलं. खेळाचे मूळ नियम घ्या, त्यावर आपलं काही बनवा, विका. शेकडो छोट्या प्रकाशकांनी पोटापाण्याला लावून घेतलं. २०२३ च्या जानेवारीत कंपनी हे लायसन्स बदलणार असल्याचा मसुदा फुटला आणि खेळाडू इतके भडकले की महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली. २७ जानेवारीला पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले. ते आता परत घेता येत नाहीत.

गायगॅक्स २००८ मध्ये गेला, आर्नेसन २००९ मध्ये. दोघांनाही हे बघायला मिळालं नाही. पण मला वाटतं १९७४ च्या त्या पुस्तिकांच्या शेवटी जे सांगितलं होतं, ते कायद्याच्या भाषेत यायला ४९ वर्षं लागली.

आमच्या टेबलावर हा जुना वाद साध्या पद्धतीने मिटवलाय. सूत्रधाराचा निर्णय त्या रात्रीपुरता अंतिम. कुणाला पटला नाही तर पुढच्या शनिवारी खेळ सुरू व्हायच्या आधी चर्चा, आणि जे ठरेल ते वहीत. हे चालतं, कारण पुढच्या शनिवारी तीच माणसं येणार असतात. अनोळखी लोकांत एवढा विश्वास कुठून आणणार?

असो. तुम्हाला सुरू करायचं असेल तर नियम फुकट आहेत, फासे ऑनलाइन मिळतात, फक्त दर आठवड्याला येतील अशी चार माणसं शोधा (हेच सगळ्यात कठीण आहे). आणि एक करा. एक वही ठेवा, आणि टेबलावर एखादा नियम नव्याने ठरला की त्याच्यापुढे तो सुचवणाऱ्याचं नावही लिहा. फार तर अर्धा मिनिट जातो.