‘मीच ती’ म्हणणाऱ्या नायिकेची कुळकथा

भोपाळच्या उत्तरेला सिरोंज हे जुनं ठाणं आहे. १७६० च्या उन्हाळ्यात सदाशिवरावभाऊंची फौज याच वाटेनं उत्तरेकडे गेली. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर भाऊ गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले. ते गेले, हे त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत मानलं नाही. पुढं बुंदेलखंडाकडून एक माणूस ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण होता. पेशव्यांनी त्याला पकडलं, भाऊंना ओळखणाऱ्यांकडून चौकशी केली आणि रत्नागिरीला कैदेत ठेवलं. १७७६ मध्ये तो सुटला, कोकणात त्यानं फौज जमवली, किल्ले घेतले. शेवटी आंग्र्यांनी त्याला धरलं आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. पार्वतीबाई १७८३ मध्ये वारल्या, त्या सवाष्ण म्हणूनच.

न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं. मराठी मनात तोतया घर करून राहिला तो नुसत्या राजकारणामुळे नव्हे. चेहरा तोच, आठवणीही त्याच, मग माणूस तोच का? आणि हे ठरवायचं कोणी, दरबारानं की घरात वाट पाहणाऱ्या माणसानं? पुढच्या काळात रहस्यकादंबरीनं आणि सिनेमानं हाच प्रश्न उचलला.

बंगालमध्ये तो विसाव्या शतकात खऱ्याखुऱ्या न्यायालयात उभा राहिला. १९०९ मध्ये दार्जिलिंगला मरण पावल्याचं मानलेला भवालचा राजकुमार १९२१ मध्ये संन्याशाच्या वेशात परतला, असा दावा झाला. खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९४६ मध्ये संन्यासी जिंकला. पत्नीनं मात्र त्याला शेवटपर्यंत नवरा मानलं नाही. पुण्याच्या प्रकरणात सत्तेनं नाकारलं, बंगालमध्ये न्यायालयानं स्वीकारलं. दोन्हीकडे खरी साक्ष घरातल्या बाईची होती.

मराठीत हा प्रश्न कादंबरीच्या रूपानं सिनेमापर्यंत पोचवला जयंत देवकुळे यांनी. त्यांच्या ‘आशा परत येते’ या कथेवर राजा परांजपे यांनी १९६४ मध्ये ‘पाठलाग’ काढला. मराठी रहस्यकथेचा बाजार तेव्हा भरात होता. हजाराहून अधिक पुस्तकं लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी वाचकांची एक पिढीच तयार केली होती. पण अर्नाळकरी कथा धावते ती गुन्हेगाराच्या मागे. देवकुळ्यांच्या कथेत तोतयाचा प्रश्न उलटा होऊन येतो: परतणारा पुरुष नाही, बाई आहे, आणि ओळख पटवायची आहे ती नवऱ्याला. नवरा वकील आहे. बायको त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावली आहे. मग पोलिसांनी पकडलेली, थेट तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री कोर्टात उभी राहून म्हणते, मीच तुमची बायको.

हे कागदावर लिहिणं एक आणि पडद्यावर दाखवणं वेगळं. रहस्यकादंबरीचं रूपांतर बहुधा इथंच फसतं. कादंबरीत ‘ती हुबेहूब तिच्यासारखी दिसत होती’ एवढं वाक्य पुरतं. वाचकानं दोन्ही चेहरे पाहिलेले नसतात, म्हणून त्याचा संशय मोकळा राहतो. पडद्यावर दोन्ही भूमिका एकच अभिनेत्री करते. कोर्टानं निकाल देण्याआधीच प्रेक्षकाचे डोळे निकाल देऊन बसतात: हीच ती. रहस्य पहिल्या दहा मिनिटांत संपण्याचा धोका इथं असतो.

एका नटानं दोन माणसं होण्याची युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिचा उगम मराठी आहे. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही झाले. भारतीय पडद्यावरची ती पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. तिथं एकाच नटाच्या दोन रूपांचं कौतुक होतं. ‘पाठलाग’ला त्याच युक्तीतून शंका निर्माण करायची होती.

त्यासाठी सिनेमानं तोडीस तोड दुसरा पुरावा उभा केला. बायकोचा मृत्यू प्रेक्षकालाच दाखवला. म्हणजे प्रेक्षक त्या मृत्यूचा साक्षीदार झाला, आणि तोच प्रेक्षक आता कोर्टात तिला जिवंत पाहतो आहे. स्वतःचेच दोन डोळस पुरावे एकमेकांवर आदळतात, आणि त्या फटीत सिनेमा शेवटपर्यंत श्वास घेतो. कादंबरीतला संशय शब्दांनी पेरलेला असतो; इथं तो पाहण्यातून पेरला. माझ्या मते रूपांतराची सगळी कला या एका बदलात आहे.

दुसरा बदल गाण्याचा. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या ‘पाठलाग’मध्ये ग. दि. माडगूळकरांचं गीत, दत्ता डावजेकरांचं संगीत आणि आशा भोसल्यांचा आवाज आहे. पत्नी नवऱ्याला सांगते की माझे डोळे पाखरं होऊन तुमच्याभोवती फिरतील. कादंबरीत आठवण सांगावी लागते, सिनेमात ती ऐकू येते. चेहरा फसवेल, पण ज्या सुरात प्रेम केलं तो सूर कसा फसवेल, ही शंका प्रेक्षकाच्या कानात राहते. गाणं इथं विरंगुळा उरत नाही, तेही साक्षच होतं. ‘पाठलाग’ला त्या वर्षीचा मराठी चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तिथून ही कथा वेगानं पसरली. १९६५ मध्ये तमिळमध्ये ‘इदय कमलम’ आला आणि १९६६ मध्ये राज खोसला यांनी हिंदीत ‘मेरा साया’ काढला. नायक ठाकूर झाला, घराचा वाडा झाला, कथा उदयपूरच्या तळ्याकाठी गेली, आरोपी स्त्रीवर दरोडेखोरांच्या टोळीत असल्याचा ठपका आला. सुनील दत्तचा वकील आणि साधनाची दुहेरी भूमिका, मदनमोहन यांचं संगीत, राजा मेहदी अली खान यांची गीतं, लताबाईंचा स्वर. मराठीतल्या पाखरांच्या जागी हिंदीत सावली आली. प्रतिमा बदलली, तरी तिचं काम तेच राहिलं: नवऱ्याच्या भोवती न दिसणारं कुणीतरी आहे, एवढं प्रेक्षकाला सतत जाणवत राहणं. शेवट इथं सांगत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांचा तो हक्क आहे.

रहस्यकादंबरी पडद्यावर जाण्याची दुसरीही एक वाट आहे आणि ती भोपाळवरून जाते. ‘शोले’चे एक पटकथालेखक जावेद अख्तर भोपाळच्या सैफिया महाविद्यालयात शिकले आणि १९६४ मध्ये, ‘पाठलाग’च्याच वर्षी, मुंबईत आले. त्यांच्या पिढीनं उर्दूतल्या इब्ने सफींना झपाटून वाचलं. अलाहाबादेतून १९५२ मध्ये सुरू झालेली ‘जासूसी दुनिया’ आणि नंतरची ‘इम्रान’ मालिका भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांत खपत राहिली. सिंग ही, थ्रेसिया यांच्यासारखे खलनायक नायकाइतकेच लक्षात राहतात. खलनायकाला असा भव्य आकार देणं आपण इब्ने सफींकडून शिकलो, असं अख्तर यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. ‘शोले’तलं गब्बर हे नाव चंबळच्या एका खऱ्या दरोडेखोराचं. पण त्याला पडद्यावर जो आकार मिळाला त्यामागं हे वाचन आहे. त्याच ‘शोले’त भोपाळी बोलीचा सूरमा भोपालीही आहे.

इब्ने सफींच्या कादंबरीवर कराचीत प्रत्यक्ष चित्रपट झाला तो १९७४ चा ‘धमाका’. तो चालला नाही. एका वर्षानं आलेल्या ‘शोले’नं त्यांची एकही कादंबरी घेतली नव्हती, घेतली ती खलनायक घडवण्याची दृष्टी, आणि ती घराघरांत पोचली. कथानक जसंच्या तसं उचलल्यानं कादंबरी पडद्यावर जगत नाही. तिच्यातली कोणती गोष्ट डोळ्यांना आणि कानांना सांगता येते, हे ओळखावं लागतं. परांजप्यांनी ते ओळखलं, खोसल्यांनी ते पुढं नेलं. पुढं खोसल्यांनी ‘दो रास्ते’साठी चंद्रकांत काकोडकरांच्या ‘निलांबरी’चा आधार घेतला, तेव्हा मराठी लोकप्रिय कादंबरीवर त्यांचा किती विश्वास होता हे पुन्हा दिसलं.

आणि तरीही या साखळीतलं पहिलं नाव आपल्या तोंडी नाही. ‘मेरा साया’ म्हटलं की साधना आठवते, मदनमोहन आठवतात, लताबाई आठवतात. जयंत देवकुळे किती जणांना आठवतात? लोकप्रिय कादंबरी ही वाचून टाकायची चीज, असं मानून आपण तिच्या लेखकांना पुसून टाकलं. तीन भाषांच्या प्रेक्षकांना ज्यानं एवढा अस्वस्थ करणारा प्रश्न दिला, त्याचं ऋण निदान नावानं तरी फेडायला हवं. प्रकाशकांनी अशा कादंबऱ्या पुन्हा छापाव्यात, ग्रंथालयांनी जुन्या प्रती जपाव्यात. आणि पुढच्या वेळी ‘मेरा साया’ पाहताना वाचकहो, शेजारच्याला एवढं जरूर सांगा की ही गोष्ट मुळात मराठी आहे आणि ती जयंत देवकुळे यांची आहे.