शमुवेल : एका नांवाची कुळकथा

मुंबईस मध्य रेल्वेवर 'मस्जिद' नांवाचें स्थानक आहे. ज्या जुन्या प्रार्थनामंदिरावरून हें नांव पडलें असें मानितात, तें मुसलमानांचें नसून बेने-इस्रायल ज्यूंचें आहे. तें १७९६ सालीं बांधविणाऱ्या गृहस्थाचें नांव सामाजी हसाजी दिवेकर. आडनांव कोंकणचें, 'जी' मराठी वळणाचा. परंतु सामाजी म्हणजे शमुवेल व हसाजी म्हणजे यहेज्केल, अशीं हीं दोन प्राचीन हिब्रू नांवें आहेत.

शमुवेल या नांवाची कथा बायबलाच्या जुन्या करारांत आहे. एल्काना नांवाच्या गृहस्थाची पत्नी हन्ना निपुत्रिक होती. शिलो येथील देवस्थानांत तिनें रडत रडत नवस केला, कीं पुत्र झाल्यास त्याला देवाच्याच सेवेस वाहीन. तिचे केवळ ओठ हालत होते, म्हणून वृद्ध याजक एली यास ती मद्य प्यालेली वाटली. पुढें पुत्र झाला, व देवापाशीं मागून घेतला म्हणून हन्नेनें त्याचें नांव शमुवेल ठेविलें.

येथें व्याकरण आडवें येतें. हिब्रूंत 'मागणें' या अर्थाचा धातु 'शाअल' होय. त्यापासून सरळ होणारें नांव शमुवेल नव्हे, तर शाऊल. म्हणजे ज्यास पुढें याच शमुवेलानें इस्रायलाचा पहिला राजा म्हणून अभिषेक केला, त्याचें. यावरून ही जन्मकथा मूळची शाऊलाची असावी, असें कित्येक पंडितांचें मत आहे. इतर म्हणतात, ही ग्रंथकारानें जाणून-बुजून केलेली शब्दयोजना आहे. 'देवानें ऐकिलें' असाही अर्थ लावितात. परंतु 'ऐकणें' या धातूंतील शेवटचें कंठ्य अक्षर इश्माएल या नांवांत टिकलें आहे, शमुवेलांत तें नाहीं. म्हणून 'शेम' म्हणजे नांव व 'एल' म्हणजे देव, अशी फोड करून 'देवाचें नांव' किंवा 'त्याचें नांव देव' हा अर्थ पुष्कळांस अधिक ग्राह्य वाटतो. बाबिलोनच्या पहिल्या राजवंशांतील दुसरा राजा सुमु-ला-एल याच्या नांवांतही असेच घटक दिसतात.

मग हन्नेचा अर्थ खोटा म्हणावा काय? तसें म्हणतां येत नाहीं. कोशकार शब्दाचा धातु पाहतो. माता नांवांत आपल्या दुःखाची व कृतज्ञतेची खूण ठेविते. पहिला अर्थ शब्दाचा, दुसरा माणसाचा.

सामाजी दिवेकर कंपनी सरकारच्या पलटणींत अंमलदार होते. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धांत ते टिपूच्या हातीं सांपडले. सुखरूप सुटल्यास देवाचें मंदिर बांधीन, असा नवस त्यांनीं केला होता, असें बेने-इस्रायलांची परंपरा सांगते. सुटका झाल्यावर त्यांनीं तें मंदिर बांधिलें. आज त्यास 'शाआर हाराहमीम', म्हणजे 'दयेचें द्वार', असें म्हणतात. शिलोच्या देवळांत एका मातेनें मागणें मागितलें व मिळालेलें देवासच वाहिलें. तिच्या पुत्राचें नांव धारण करणाऱ्या कोंकणी शिपायानेंही बंदिवासांत तोच मार्ग धरिला. शतकें लोटलीं, भाषा पालटली, नांवास 'जी' चिकटला. तरी नांवाचा तो दुसरा अर्थ मात्र हरवला नाहीं.